पायांनी मसाज शिकायचाय, पण पायांना काही कळतच नाहीये

तळहात

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

गेली नऊ वर्षं मी मसाज थेरपिस्ट म्हणून काम करते. दिवसाला चार क्लायंट, कधी पाच. वर्षभरापासून उजव्या अंगठ्याचं मूळ दुखतंय. आधी फक्त संध्याकाळी दुखायचं. आता सकाळी बाटलीचं झाकण फिरवतानाही कळ येते. डॉक्टरांनी पट्टा दिला, विश्रांती घ्या म्हणाले. दोन आठवडे घेतली, बरं वाटलं. पुन्हा काम सुरू केलं आणि चौथ्या दिवशी तेच.

हे काम मला सोडायचं नाही. त्यामुळे पायांनी मसाज करायची पद्धत शिकावी असं ठरवलं आणि ओळखीपुरता दोन दिवसांचा वर्ग केला. खरं सांगते, निराश होऊन परतले. हाताखाली स्नायू आला की मला लगेच समजतं की इथे ताठ आहे, इथे गाठ आहे, इथे सुटतोय. पायाखाली सगळं सारखंच लागत होतं, जाड गादीवर उभं राहिल्यासारखं. भीती वाटत होती ती वेगळीच. कुणाला लागलं तर?

ज्यांनी हे शिकून रोजच्या कामात आणलंय त्यांनी कृपया लिहा. पायांना कळायला लागतं का? किती दिवसांनी? माझं वजन ६८ किलो आहे, ते जास्त आहे का? आणि शिकायचं तर सुरुवात कशापासून करू?

घोटा

अगदी माझ्याच मनातला धागा. माझं मनगट गेलंय. वाचतोय.

पाऊलखूण

तळहात, तुमचं वाचून मला माझे पहिले दोन महिने आठवले. मी अकरा वर्षं पायांनी काम करतोय, त्याआधी सात वर्षं हातांनी. सवडीने लिहितो, जरा लांबेल.

आधी वजनाचं. ६८ किलो अजिबात जास्त नाही. मुळात क्लायंटच्या अंगावर तुमचं सगळं वजन कधीच जात नाही. एक पाय टेबलावर टेकलेला असतो, त्याला मी ‘उभा पाय’ म्हणतो. दुसरा ‘कामाचा पाय’. वर छताला बसवलेल्या दांड्याला हात असतात. वजन या तिघांत वाटलेलं असतं आणि कामाच्या पायावर किती सोडायचं ते तुमच्या हातात असतं, म्हणजे खरं तर तुमच्या कमरेत असतं. पन्नास किलोची शिकाऊ मुलगी बेसावधपणे टाच रोवून क्लायंटला दुखवू शकते आणि नव्वद किलोचा माणूस पिसासारखा पाय फिरवू शकतो. दोन्ही पाहिलंय.

नवे लोक इथेच चुकतात. हातांची सवय दाबायची असते. तीच सवय घेऊन ते पायाने दाबायला जातात. मांडी ताठ होते, बोटं आत वळतात, टाच कडक होते आणि क्लायंटला खुंटा टोचल्यासारखं वाटतं. पायाने दाबायचं नसतंच. उभ्या पायावरचं वजन हळूहळू कामाच्या पायाकडे झुकवायचं, गुडघे किंचित वाकलेले ठेवून. दाब आपोआप उतरतो. परत घ्यायचा तर कंबर मागे आणायची. पाऊल पूर्ण वेळ सैल.

याचा सराव माणसावर करू नका. साधा काट्याचा वजनकाटा घ्या, सुईवाला. एक पाय काट्यावर, दुसरा तेवढ्याच उंचीच्या फळीवर, हात भिंतीला. सुई ५ वर आणा. मग १०, मग १५. मग पुन्हा ५. आणणं सोपं आहे, तिथे अर्धा मिनिट थांबवून ठेवणं अवघड. सुई थरथरत असेल तर तेच थरथरणं क्लायंटच्या पाठीत जाणार आहे. नंतर डोळे मिटून करा आणि मनातला आकडा काट्याशी ताडून बघा. मी रोज दहा मिनिटं हे तीन आठवडे केलं आणि मगच गुरूंनी मला पोटरीवर पाय ठेवू दिला.

पायांना कळण्याबद्दल उद्या लिहितो.

सांधेदुरुस्ती

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मसाज व्यवसायातले बरेच जण माझ्याकडे हाताच्या तक्रारी घेऊन येतात. अंगठ्याच्या दुखण्यामागचं कारण थोडक्यात सांगते. अंगठ्याच्या टोकाशी १ किलोची चिमूट धरली, तर मनगटाजवळच्या मुळाच्या सांध्यावर साधारण १२ किलोचा भार येतो. आता तुम्ही दिवसाला चार-पाच तास अंगठ्याने खोल दाब देता. हिशेब तुम्हीच करा. त्यामुळे फक्त विश्रांतीने हे थांबत नाही, कामाची पद्धतच बदलावी लागते. तुमचा निर्णय योग्य वाटतो. मात्र दुखणं नेमकं सांध्याचं आहे की अंगठ्याच्या बाजूने जाणाऱ्या स्नायुबंधांचं, हे तपासून घ्या. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

आणि एक. हातांवरचा भार नाहीसा होत नाही, तो एका पायावर उभं राहणाऱ्या तुमच्या नितंबाच्या बाजूच्या स्नायूंवर, घोट्यावर आणि तळव्याच्या कमानीवर जातो. ते आधी तयार करा. दात घासताना एका पायावर उभं राहा. बसल्या जागी बोटं न मुडपता पावलाची कमान वर उचलायचा प्रयत्न करा. पायाचा अंगठा एकटा उचलून बाकीची चार बोटं खाली ठेवा, मग उलट. सुरुवातीला बोटं ऐकत नाहीत, महिन्याभरात ऐकायला लागतात.

पाऊलखूण

सांधेदुरुस्ती, धन्यवाद. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पहिल्या वर्षीचं टाचेचं दुखणं टळलं असतं.

आता पायांना कळण्याबद्दल. तळव्याची कातडी जाड असते. बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरवरचे दोन बिंदूही वेगळे कळतात, तळव्याला त्याच्या कितीतरी पट अंतर लागतं. त्यामुळे पाय हातासारखे कधी होणार नाहीत, ती अपेक्षा सोडा. पण पायात २६ हाडं आणि ३३ सांधे आहेत, आणि ते सगळे मिळून खालच्या पृष्ठभागाचा उतार, टणकपणा, कंप टिपतात. अंधारात जिना उतरताना पायरी संपल्याचं पायालाच कळतं ना? ती जाण आहेच, ती फक्त स्नायूंकडे वळवायची आहे.

दोन घड्यांच्या चादरीखाली एक नाणं ठेवा आणि डोळे मिटून पायाने शोधा. आधी चवड्याने, मग टाचेने, मग पावलाच्या बाहेरच्या कडेने. सापडायला लागलं की घड्या वाढवा. मग नाण्याऐवजी सुतळी ठेवा आणि ती कुठून कुठे जाते ते पायाने सांगा. सुतळी कळायला लागली की कण्याच्या दोन्ही बाजूंचे लांब स्नायू कळतात. अतिशयोक्ती करत नाही. मला पाचव्या आठवड्यात पहिल्यांदा एका पाठीत डाव्या बाजूचा स्नायू उजवीपेक्षा जाड लागला. हात लावून खात्री केली तर खरंच होता. तोवर वर्ग सोडून द्यावा असं अनेकदा वाटून गेलं होतं.

पावलाचा कुठला भाग कुठे, हेही ठरलेलं आहे. कमान आणि पूर्ण तळवा मोठ्या भागांना, म्हणजे पाठ, मांडीची मागची बाजू. चवडा खवाट्याच्या आतल्या कडेला. टाच फक्त नितंबाच्या जाड स्नायूला आणि तळपायाला, तीही अनुभव आल्यावर. नवशिक्याने पहिले तीन महिने टाच विसरावी असं माझं ठाम मत आहे.

उंबरठा

खोल दाब हवा म्हणूनच लोक पायांचा मसाज मागतात ना? मग टाच टाळून काय साधणार?

पाऊलखूण

उंबरठा, हा गैरसमज आमच्याच लोकांनी पसरवलाय. खोल म्हणजे टोकदार नव्हे. दाब म्हणजे वजन भागिले जागा. कोपराचं टोक ४ चौरस सेंटिमीटर धरा आणि तळव्याचा टेकलेला भाग ६०. तेच १५ किलो कोपरातून गेले तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरला पावणेचार किलो, तळव्यातून गेले तर पाव किलो. म्हणून पायाखाली जास्त वजन घेऊनही क्लायंटचं अंग आक्रसत नाही, स्नायू स्वतःहून सुटत जातो. पायाचा खरा फायदा हा आहे. टाच रोवायची असेल तर मग कोपरच काय वाईट होता?

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण ती सांगायलाच हवी. शिकून सहा महिने झाले होते. क्लायंट सडपातळ होती, म्हणाली, ‘दादा, अजून जोरात चालेल.’ मी पाठीवरून खाली येताना टाच कंबरेच्या थोडी वर, बाजूला गेली. अकरावी आणि बारावी बरगडी पुढे छातीच्या हाडाला जोडलेली नसते, तिचं टोक मोकळं असतं. तिथे आतल्या अंगाला मूत्रपिंडही असतं. ती ओरडली नाही. तिने फक्त श्वास धरला. मी ते ऐकलं नाही, कारण माझं लक्ष माझ्या तोलाकडे होतं. दुसऱ्या दिवशी तिथे निळा डाग आणि आठवडाभर कूस बदलताना दुखणं. तपासणीत हाड शाबूत निघालं, पण तो आठवडा मी नीट झोपलो नाही. तिने मला माफ केलं, नंतरही येत राहिली. तेव्हापासून नियम आहे, क्लायंटचा श्वास थांबला की माझा पाय थांबतो. ‘चालेल’ या शब्दापेक्षा श्वासावर विश्वास ठेवा.

सांधेदुरुस्ती

हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. याला जोडून, कुठे पाय ठेवायचाच नाही ते लिहून ठेवते. कण्याच्या मणक्यांवर सरळ नाही. गुडघ्यामागच्या लवणीत नाही, तिथे रक्तवाहिन्या आणि नसा वरच्यावर असतात. जांघेत पुढच्या बाजूने नाही. माकडहाडावर नाही, मानेवर नाही, खवाट्याच्या उंचवट्याच्या हाडावर नाही.

आणि कुणावर करायचाच नाही, तेही. रक्त पातळ करणारी औषधं घेणारे, हाडं ठिसूळ असलेले, दीर्घकाळ स्टिरॉइड घेतलेले, गरोदर स्त्रिया, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, रक्तदाब आटोक्यात नसलेले, चकती सरकून पायाला मुंग्या किंवा अशक्तपणा असलेले. डोळ्यांची शस्त्रक्रियाही विचारा. पालथं झोपून चेहरा खोबणीत दाबला जातो आणि वरून वजन येतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. एकाच पोटरीला सूज, गरमपणा आणि दुखणं असेल तर हातही लावू नका, सरळ डॉक्टरकडे पाठवा. शिरेत गुठळी असू शकते.

हे प्रश्न दर वेळी विचारा. मागच्या महिन्यात विचारलं होतं म्हणून चालत नाही.

तळहात

किती भरभरून लिहिताय सगळे. वजनकाट्याचा सराव कालपासून सुरू केला. सुई १० वर थांबतच नाही! आणि नाणं चवड्याने सापडलं, टाचेने नाही.

एक प्रश्न. वर्गात जमिनीवर गादी टाकून शिकवलं होतं, दोरीला धरून. दुसऱ्या ठिकाणी टेबल आणि छताला दांडे असतात म्हणे. यातलं काय शिकू?

दोरखंड

यावर मी बोलू शकेन, मी दोरीच्या पद्धतीत शिकले.

जमिनीवर चटई, वर आडवी दोरी, अंगाला भरपूर तेल आणि एका पायाने कंबरेपासून हाताच्या बोटांपर्यंत न तुटणारा लांब फेरा, ही केरळची परंपरा. तिथे तिला चवट्टी उळिच्चिल म्हणतात. कळरिपयट्टूच्या योद्ध्यांसाठी आणि कथकली शिकणाऱ्या मुलांसाठी ती वापरली गेली, अंग लवचीक व्हावं म्हणून. पायांनी मर्दन करण्याचा उल्लेख त्याहून जुना आहे, सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्यायामानंतर पायांनी अंग रगडून घ्यायला सांगितलंय. थायलंडच्या नुआद थाईत कपडे घातलेल्या माणसावर तेलाशिवाय काम होतं. तिथे हात, कोपर, गुडघे, पाय सगळंच वापरतात. २०१९ मध्ये युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. छताच्या दांड्यांची टेबलवरची पद्धत अमेरिकेत रूथी हार्डी यांनी १९९५ मध्ये सुरू केली, तिला आशियात्सू म्हणतात. जपानीत ‘आशी’ म्हणजे पाय आणि ‘आत्सू’ म्हणजे दाब.

तळहात, तुमच्याकडे आधीच टेबल असेल आणि क्लायंटना टेबलाची सवय असेल तर दांड्यांची पद्धत रोजच्या कामात लवकर बसेल. दोरीच्या पद्धतीत लय आणि तोल फार सुंदर तयार होतो, पण तेलाने पाय घसरतात आणि संपूर्ण अंगाची साखळी एका पायाने सांभाळायला बराच काळ लागतो. मला ती प्रिय आहे, तरी अंगठा दुखत असताना तुम्ही तिथून सुरुवात करावी असं सांगणार नाही.

घोटा

दांडे कसे बसवायचे? माझ्या खोलीला फॉल्स सीलिंग आहे.

पाऊलखूण

फॉल्स सीलिंगमध्ये कधीच नाही. मूळ स्लॅबमध्ये किंवा तुळईत, आणि बांधकामातल्या जाणकाराला दाखवूनच. भाड्याच्या जागेत ते शक्य नसेल तर जमिनीवर उभी राहणारी लोखंडी चौकट मिळते. दोन खुर्च्यांच्या पाठी धरून उभं राहणारे मी पाहिलेत. खुर्ची कलंडली की तुम्ही पूर्ण वजनाने क्लायंटवर पडता.

टेबलाचंही बघा. कंपनी दोन आकडे देते, एक स्थिर भाराचा आणि एक काम चालू असतानाच्या भाराचा. तुम्हाला दुसरा हवा. त्यात दोघांचं वजन धरा आणि हालचालीसाठी वर भरपूर जागा ठेवा. बिजागरी, तारा, पायांचे स्क्रू दर आठवड्याला तपासा.

दांड्याची उंची अशी की हात वर केल्यावर कोपर थोडे वाकलेले राहतील. दांडा तोलासाठी आहे, लोंबकळण्यासाठी नाही. संध्याकाळी खांदे दुखत असतील तर तुम्ही लटकताय.

दांडे लागेपर्यंत उंच स्टूलवर बसून क्लायंटच्या खांद्यावर आणि वरच्या पाठीवर पायाने काम करता येतं. तोलाची काळजी नसल्याने सगळं लक्ष तळव्यात राहतं. मी तर नव्यांना इथूनच सुरू करायला लावतो.

निवांत

मी थेरपिस्ट नाही, क्लायंट आहे, चालेल ना लिहिलेलं? मला पायांचा मसाज आवडतो, पण एकदा ज्यांच्याकडे गेले त्यांच्या टाचांना भेगा होत्या. पूर्ण वेळ पाठीवर खरखर लागत होती. पुन्हा गेले नाही आणि त्यांना सांगायचा धीरही झाला नाही. आणि त्यांनी आधी विचारलंच नव्हतं की पाय लावू का. पालथी झोपले होते, अचानक पाय आला.

दोरखंड

निवांतताई, बरं झालं लिहिलंत. न विचारता पाय लावणं चूकच आहे. क्लायंट बसलेला असताना, डोळ्यांत बघून, हे काम पायांनी होणार आहे हे सांगायचं, आणि नको म्हटलं तर लगेच हातांवर यायचं.

टाचा म्हणजे आमची हत्यारं. रोज वजरीने घासायच्या, रात्री मलम लावून मोजे. नखं मांसाच्या रेषेपर्यंत कापलेली, कडा घासलेल्या. बोटांच्या बेचक्यात बुरशी किंवा तळव्यावर चामखीळ असेल तर बरं होईपर्यंत पायांचं काम बंद. प्रत्येक क्लायंटआधी पाय साबणाने धुऊन पूर्ण कोरडे, आणि टेबलावरून उतरण्याआधी तळवे टॉवेलने पुसायचे. तेल लागलेल्या पायाने फरशीवर उतरलेली माझी सहकारी मनगट मोडून घेऊन बसली होती.

उंबरठा

पाऊलखूण, टाचेबद्दल तुमचं म्हणणं पटलं. वजन भागिले जागा, हा विचार कधी केलाच नव्हता.

मान कशी करता? तिथेही पाय?

पाऊलखूण

नाही. मान, चेहरा, पोट, हाताचे पंजे, सगळं हातांनी. माझ्या एका तासात साधारण चाळीस मिनिटं पाय आणि वीस मिनिटं हात असतात. त्यामुळे हात दिवसाच्या शेवटीही ताजे असतात, आणि मानेला ताजेच हात लागतात.

तळहात

चार महिन्यांनी परत आलेय. तुम्हा सगळ्यांना सांगायचं होतं.

पूर्ण वर्ग केला, दांड्यांचा. त्यानंतर ओळखीतल्या माणसांवर सराव केला आणि प्रत्येक वेळी वहीत लिहिलं, कुणावर, कुठे, त्यांनी दाबाला दहापैकी किती गुण दिले, कुठे श्वास अडला. आज त्या वहीत ५२ नोंदी आहेत. पहिल्या दहांत जवळपास प्रत्येकाने पोटरीवर ‘जास्त’ म्हटलंय. विसाव्यानंतर ते दिसत नाही. वजनकाटा अजून रोज करते, आता डोळे मिटून १० म्हटलं की सुई ९ ते ११ मध्ये असते.

गेल्या मंगळवारी एका जुन्या क्लायंटच्या पाठीवरून तळवा खाली येत होता आणि खवाट्याच्या खाली तो आपोआप हळू झाला. मी ठरवलं नव्हतं. पायाखाली काहीतरी दोरीसारखं होतं. मी तिथे थांबले, वजन थोडं मागे घेतलं, दोन-तीन श्वास गेले आणि ती दोरी पसरत गेल्यासारखी वाटली. त्याच क्षणी त्या काकूंनी लांब उसासा सोडला. मला भरून आलं.

अंगठा अजून पूर्ण बरा नाही, पण सकाळची कळ गेलीय. स्नायुबंधांचं दुखणं नव्हतं, सांध्याचंच होतं. सांधेदुरुस्ती, तुमच्यामुळे नीट तपासणी झाली.

आता नवीन तक्रार. डाव्या नितंबाची बाहेरची बाजू संध्याकाळी दुखते. हे कशाने?

सांधेदुरुस्ती

फार आनंद झाला वाचून. तुमचा उभा पाय बहुतेक वेळा डावाच असतो का?

तळहात

आत्ता आठवून पाहिलं. हो, जवळजवळ नेहमीच. उजव्याने काम करायची सवय लागलीय.

पाऊलखूण

मग उद्यापासून प्रत्येक क्लायंटची एक बाजू डाव्या पायाने करा. डावा पाय सुरुवातीला पुन्हा आंधळा वाटेल, त्यामुळे त्याच्यासाठी नाणं आणि चादर परत काढा. आणि उभ्या पायाचा गुडघा कुलूप लावल्यासारखा ताठ होतोय का ते आरशात बघा, माझा व्हायचा.

तळहात

होतोय! आत्ताच आरशासमोर उभी राहून पाहिलं. चादर काढते.